घरचे मागून

"कोणाचं बंद पडलं गं? हात वर करा!" झुंबरबाई खुर्ची सारून उठल्याच.

जळगावच्या केळी संघाच्या त्या खोलीत आठ बायका, आठ पडदे आणि कोपऱ्यात एकच मुख्य संगणक. एकट्याने साऱ्यांचं ओढायचं, म्हणजे काय चेष्टा आहे! सावद्याच्या स्टेशनात केळीची मालगाडी भरून उभी. दुपारपर्यंत कागद निघाले नाहीत तर मे महिन्याच्या उन्हात माल डब्यातच पिकणार. काल ऐन वेळी मेमरी संपली, संगणकाने मान टाकली आणि आठही जणींची सकाळ मातीत गेली.

म्हणून आज त्यांच्यातल्याच रेशमाने थेट कर्नलच्या, म्हणजे संगणकाच्या कारभाऱ्याच्याच पोटात हात घातला होता. एखाद्या प्रोग्रॅमने मेमरीचं पान, म्हणजे एक तुकडा, मागितलं आणि पान शिल्लक नसलं, की हा बाबा गोंधळून सगळ्यांनाच घेऊन बुडायचा. पोरीने तिथेच नवा नियम लिहिला: पान संपलं तर एकच प्रोग्रॅम बंद करायचा, त्याची पानं बाकीच्यांना द्यायची. कॉलेजातली पोर, पण छाती बघा तिची!

आत्ता मुख्य पडद्यावर ओळ उमटली होती: मेमरी संपली, एक प्रोग्रॅम बंद केला.

एकही हात वर गेला नाही.

"मनं त चालू शे व माय!" झुंबरबाई मूळच्या नरडाण्याच्या, घाबरल्या की अहिराणीच निघायची. बाकीच्यांचंही चालू होतं. प्रिंटर करकरत कागद काढत होता. मग गेलं कोणाचं?

त्या रेशमाच्या टेबलापाशी गेल्या. तिचा पडदा कोरा होता. सकाळपासून ती त्यावर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट लिहीत होती, उद्या द्यायचा होता.

"सेव्ह नव्हता केला?"

"तुमच्याकडे धावण्यात राहून गेलं, अक्का."

"अगं, मग नियमात पहिलं नाव स्वतःचंच घातलंस? खुळी का काय तू!"

"पंगतीत वाढायला कमी पडलं, तर घरचेच पाट सोडतात ना?" रेशमा हसली. डोळे मात्र भरले होते.

अशी पोर आपल्या पोटी का नाही, असं झुंबरबाईंना वाटून गेलं.

शेवटचा कागद निघाला, तो घेऊन माणूस मोटारसायकलवरून सावद्याकडे सुटला. बायकांनी डबे सोडले. झुंबरबाईंनी आपल्या डब्यातली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा उचलून रेशमाच्या कोऱ्या पडद्यापुढे मांडला.

"आते पहिले तू जेवी ले," त्या म्हणाल्या, "आम्ही घरच्या शेतस. आम्ही मागून."