तीसच्या तीस मिनिटं

पहिल्या सॉफ्टवेअरने व्हिडिओतल्या कबड्डीच्या मैदानावर मधोमध स्वतःचंच नाव छापलं. दुसरं फुकटात तीनच मिनिटं बदलून देत होतं. प्रमिलाताईंना आपल्या कॉलेजातल्या सामन्याची, जुन्या कॅसेटवरून उतरवलेली सीडी होस्टेलवरच्या नातीच्या मोबाइलवर चालेल अशी करून हवी होती.

“आई, हेच ठेवू. तुझी शेवटची विजयी चढाई तेवढ्यात बसते,” मुलगा म्हणाला.

“नाही. तीसच्या तीस मिनिटं हवीत. दुसरं शोध.”

तिसरं सापडलं, पण ते दोन तास घेणार होतं. “घेऊ दे,” म्हणत ताई खुर्ची ओढून ठाण मांडून बसल्या.

“अगं, पण आधीची सत्तावीस मिनिटं तू नुसती बाकावर बसलीयेस!”

“खेळवत नाहीत म्हणून संघ सोडायला निघालीय ना ती? मग तेच बघू दे तिला.”