एका ट्रंकेत मावेल तेवढं

उघड्या ट्रंकेसमोर बाबा खाटेवर बसले होते, आई खिडकीचे पडदे उतरवत होती, आणि लेक दाराला टेकून त्या क्षणाची चव घेत होती.

"एकच ट्रंक, बाबा. मावेल तेवढं न्यायचं, उरलेलं विसरायचं."

वाक्य त्यांचंच होतं. फौजेतल्या बापाचं, दर दीड-दोन वर्षांनी नव्या गावाला निघताना उच्चारलेलं. त्या वाक्यापायी मैत्रिणी, शाळा, तिची उंची मोजणाऱ्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा, सगळं मागे राहत गेलं. पन्नाशीला टेकली तरी "तू मूळची कुठली?" असं कुणी विचारलं की ती दरवेळी वेगळंच गाव सांगे.

"गुडघे इथंच ठेवतो," बाबा म्हणाले. "तसेही कामाचे नाहीत."

ती हसली नाही. हे घर तिच्या नावावर होतं आणि तिनं ते विकलं होतं. तिच्या फ्लॅटमध्ये आईसाठी खोली होती. बाबांसाठी वृद्धाश्रमात खाट.

आईचा संसार तिनं पाहिला होता. पडद्यांना कधी पक्की शिवण नाही, नुसता कच्चा टाका. पुढच्या खिडकीचं माप कुणी सांगावं? कपबशांची खोकी कधी पुरती रिकामी झालीच नाहीत. आईनं अवाक्षर न काढता सोसलं. आणि बाबा मात्र प्रत्येक क्वार्टरच्या अंगणात झाडं लावत, फळ धरायला वर्षानुवर्षं घेणारी. जखमेवर मीठ चोळावं तसं.

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला.

"छोटे," बाबा अडखळले. "अंगणातल्या लिंबाला यंदा पहिल्यांदाच फुलं धरलीत गं. दोन दिवस थांबलो तर?"

या एका प्रश्नासाठी ती जन्मभर थांबली होती. शाळेत असताना तिनंही दोनच दिवस मागितले होते. शनिवारी रिले शर्यत होती, शेवटचा टप्पा तिला धावायचा होता. सामानाचा ट्रक गुरुवारीच दाराशी लागला होता.

"हुकूम म्हणजे हुकूम, बाबा." त्यांचंच उत्तर तिनं त्यांच्या पदरात टाकलं.

बाबांनी एकदा आईकडे पाहिलं. आई घडी घालत राहिली. टॅक्सीवाल्यानं ट्रंक उचलून नेली, मग ते उठले, भिंतीला धरून पायऱ्या उतरले आणि मागे न बघता टॅक्सीत बसले.

टॅक्सी कोपऱ्यावरून वळली, तरी लेक पायरीवर उभीच होती. खोल रुतलेला काटा निघाल्यावर दुखरी जागा हलकी व्हावी, तसं तिला वाटत होतं.

"फेडलं, आई," मागे येऊन उभ्या राहिलेल्या आईला ती म्हणाली. "माझंही आणि तुझंही. आता कुठं जायचं नाही. मरेपर्यंत एकच घर."

"माझं कसलं गं?" आईच्या आवाजात राग नव्हता, खेदही नव्हता. "हुकूम आले ते दोनदाच. बाकीच्या सगळ्या बदल्या मी मागायला लावल्या. तुझ्या शर्यतीच्या वेळचीसुद्धा. हात जोडले होते त्यांनी, पोरीला धावू दे म्हणून. तुला काय सांगायचं, तेही मीच ठरवलं होतं."

"पण का?"

"एका घरात फार दिवस राहवत नाही मला," म्हणत आई पायऱ्या उतरली आणि लेकीच्या गाडीत, पुढच्या सीटवर जाऊन बसली.