धाकटीचा अल्बम

धाकटीचा पहिला पॉप अल्बम निम्म्यावर असताना तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. संगीतकारानं थोरलीकडून आठही गाणी गाऊन घेतली. "चाली पक्क्या करायला हव्यात. ती बरी झाली की तीच गाईल," तो म्हणाला. प्रकाशनाच्या दिवशी हॉटेलच्या हॉलमध्ये गाणी वाजली ती थोरलीच्याच आवाजात. धाकटी मंचावर नुसते ओठ हलवत नाचत होती. थोरली पहिल्या रांगेत बसली होती. तिनं शेजारच्या आईचं मनगट धरलं. "आई, हा माझा आवाज आहे!" "माहितीये. मीच सुचवलं होतं त्यांना." "मग माझं नाव?" "खुळी की काय! तुझं तोंड बघायला कोण येणार?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनंही वाजवल्या. जेवणानंतर वेटरनं दिलेला आईस्क्रीमचा कप आईनं तिच्या हातातून काढून घेतला. "गार खाऊ नकोस. पुढचा अल्बम लगेच करायचाय तिला."