टोपीचं पिस्तूल

पडद्यावरचे दोन वैरी पाठीला पाठ लावून उभे राहिले आणि हत्यारमास्तरांनी टीव्हीचा आवाज वाढवला. जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरची मालिका. तिच्यातली तलवारीपासून तोफेपर्यंत सगळी हत्यारं मास्तरांच्या कारखान्यातून गेलेली. आज द्वंद्वाचा भाग होता.

वीस पावलं झाली. नायक गर्रकन वळला, त्यानं पिस्तूल रोखलं.

"अहो, हे टोपीचं पिस्तूल आहे!" बायको ताडकन उठली. तीस वर्षं या माणसाशी संसार केल्यावर तिलाही हत्यारांतलं कळायला लागलं होतं. "कादंबरीच्या काळात घोड्याखाली फुटणारी ही तांब्याची टोपी निघाली तरी होती का? गारगोटीच्या ठिणगीनं उडणारी चकमकीच्या पिस्तुलांची जोडी कपाटात तेल लावून ठेवलेली असताना हे काय पाठवलंत?"

"असू दे. हजारात एखाद्याला कळेल."

"धाकट्या भाऊजींना कळेल," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.

त्याला कळावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता. सहा वर्षांपूर्वी कारखान्याची वाटणी झाली, शब्दाला शब्द वाढला, आणि दोघा भावांत अबोला पडला तो पडलाच. एरवी पडद्यावर चुकीची बंदूक दिसली की धाकट्याला अन्न गोड लागत नसे. तोंडातला घास तोंडात ठेवून फोन करायचा, "दादा, बघितलास का गाढवपणा?" या वेळी तो गाढवपणा मास्तरांनी स्वतःच, जाणूनबुजून केला होता. शिव्या घालायला का होईना, त्यानं एकदा बोलावं. त्याच्या आवाजासाठी त्यांचा जीव नुसता आसुसला होता.

चाप ओढला गेला. चकमकीच्या पिस्तुलात आधी घोड्यापाशी धूर निघतो, मग नळीतून. इथे नळीतूनच काय तो निघाला.

लगेच फोन वाजला. दिग्दर्शक होता. "मास्तर, काय बार उडालाय!" मास्तरांनी दोन शब्दांत त्याची बोळवण केली.

भाग संपला. जाहिराती झाल्या, बातम्या लागल्या.

"जेवायला वाढू का?"

"थांब जरा."

पुन्हा फोन वाजला तेव्हा बातम्याही संपत आल्या होत्या. धाकट्याची बायको होती.

"दादा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"का गं?"

"हे मघापासून घरभर येरझाऱ्या घालतायत. म्हणतात, दादाच्या हातून अशी चूक मेला तरी व्हायची नाही. काहीतरी मोठं दुखणं असणार आणि आपल्याला कोणी सांगत नाही. स्वतः फोन करवत नाही, मग मला बसवलं."

मागून आवाज आला, "डोळे दाखवले का ते विचार आधी!"

आवाज जरा घोगरा झाला होता. पण धाकट्याचाच होता. मास्तरांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

फोनमधलं सगळं बायकोलाही ऐकू येत होतं. ती समोरून हातवारे करत होती, ठणठणीत आहे म्हणून सांगा, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला. मास्तरांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

"नाही गं," ते म्हणाले. "बरं नाही. अजिबात बरं नाही. त्याला म्हणावं, येऊन बघून जा."