हेलपाटा

"परत मेलीस का?" इस्त्री करता करता नवऱ्याने विचारलं.

"हो ना. आता उघड्या अंगाने जाऊन सामान आणायचं," टीव्हीसमोरच्या उंच पाठीच्या खुर्चीतून बायको म्हणाली. तिच्या खेळाचा नियमच तसा होता. वीर मेला की गावात पुन्हा उठायचा, चिलखत-तलवार मात्र प्रेतावरच राहायची.

"अरे, नकाशात माझं प्रेत गावाकडे यायला लागलंय."

"बरं झालं, तुझा हेलपाटा वाचला."

पडद्यावर चिलखतातलं प्रेत गावात शिरलं आणि उघड्या वीरावर वाकलं. वीर नाहीसा झाला.

"आता गं?" त्याने हसत विचारलं.

उत्तर आलं नाही, म्हणून तो पुढे गेला. खुर्चीत तिचे कपडे, चष्मा आणि अंगठी एवढंच होतं.

जिन्यात अनवाणी पावलं वाजायला लागली.

त्याने जाऊन दाराला कडी घातली.