पायांवरची भिमी

"डावा," देवजी डोळे मिटून म्हणाले. "आता उजवा. अंगठ्यापाशी."

"बाबा, पापणी हलतेय तुमची."

"माशी बसली व्हती गो."

हर्षालीने सासऱ्यांच्या तळपायावरचा कापसाचा बोळा उचलला. रोज सकाळी हा खेळ चालायचा. रोज देवजी पहिले यायचे, आणि रोज तिला संशय यायचा.

कॅन्सर देवजींच्या पाठीच्या कण्यात उतरला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी किरणांचे शेक दिले. ते आजार घालवायला नव्हते, कळ घालवायला होते, आणि कळ खरंच उतरली. आता वेळच्या वेळी गोळ्या, कमरेला पट्टा आणि टोकावड्याचं आपलं घर. मुरबाडहून रूपा सिस्टर तपासायला यायची. तिने हर्षालीला ओट्यावर नेऊन बजावलं होतं, "गाठ नसांवर दाबली तर पाय बधिर होतील. तसं काही दिसलं तर उद्यावर टाकू नकोस, लगेच फोन कर. उशीर झाला तर पाय परत मिळत नाहीत."

देवजींनी आतून ऐकलं होतं. सिस्टर गेल्यावर ते म्हणाले, "मला काय पण होवदे, परत मुंबईला नेयाचा नाय. तिथं चहा बशीत वतू देत नाय."

तेव्हापासून हर्षालीने सासऱ्यांच्या तोंडावर विश्वास ठेवणं सोडलं होतं.

भिमी तिची तान्ही मुलगी. हे नाव देवजींनीच ठेवलेलं, त्यांच्या आईचं. सासूबाई, धोंडूबाई, मोरीपाशी पाय लांब करून बसायच्या, नातीला पायांवर पालथी घालायच्या, तेल चोळायच्या, पाणी ओतायच्या. देवजी खाटेवरून टकामका बघत राहायचे. ओझं उचलायची त्यांना बंदी होती, आणि भिमी ओझ्यात मोडत होती. जन्मल्यापासून त्यांनी तिला नुसतं बोट लावलं होतं.

त्या दिवशी आंघोळ उरकल्यावर त्यांनी तक्रार मांडली. "पोर उचलायची नाय, असा सांगितलाय. पोर ठेवायची नाय, असा कोण बोलला? माझं पाय तर कवापासून लांबच हायेत."

"तुमची हाडका टोचतील तिला," धोंडूबाई म्हणाल्या.

"तुझी नाय टोचली ती? गादीच हाय ना तू."

धोंडूबाई पदराआड हसत धुरीचा निखारा आणायला चुलीकडे गेल्या. हर्षालीने भिमीला मऊ लुगड्यात गुंडाळलं आणि अलगद सासऱ्यांच्या नडग्यांवर ठेवलं. देवजी उशांना टेकून तिच्याशी बोलू लागले. तिचा बाप प्रणय लहानपणी शेळीचं दूध चोरून प्यायचा, मग शेळीच त्याच्या मागं लागायची, असलं काहीबाही. भिमी मन लावून ऐकत होती.

हर्षाली पायथ्याशी दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला. लुगड्याची कड ओली झाली होती. ओल पसरत देवजींच्या पायावरून गादीत उतरत होती. ताजी, गरम. कुणीही दचकलं असतं. देवजी शेळीबद्दल बोलत होते.

तिने फोन घेतला. सिस्टरचा नंबर सापडेना.

"बाबा." तिचा आवाज चिरकला. "कधीपासून लपवताय?"

"काय?"

"पाय. भिमीने ओलं केलंय तुमच्यावर. तुम्हाला कळलं पण नाही."

देवजी फोनकडे बघत राहिले. "ठेव तो. कळला मला."

"खोटं बोलू नका. मी सिस्टरला बोलावते."

"बोलाव. पण आधी लुगडा उचलून बघ. डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला तळं साचलाय. उजवा कोरडा हाय."

उशांवरून त्यांना लुगड्याखालचं काही दिसणं शक्यच नव्हतं. हर्षालीने कड उचलली. डाव्या घोट्याशी तळं होतं. उजवा पाय कोरडा ठणठणीत.

ती मटकन खाटेच्या कडेला बसली. हसायचं की रागवायचं, तिला कळेना.

"मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

देवजींनी आवाज एकदम बारीक केला. भिमीचा डोळा लागत आला होता.

"बोललो असतो, तर उचलून नेली असतीस."