अर्धी करंगळी

"आता येईल तो. नजर हटवू नका," भागीरथाबाई कुजबुजली.

महादेवराव खुर्चीत सरकून बसले. नोकरीत मशीनखाली अर्धी करंगळी गमावून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यात सिनेमे पाहिले असतील चार. दुपारचा खेळ, थेटरात मोजून दहा टाळकी. पडद्यावर एक वेडा फोटोग्राफर हरवलेल्यांचे फोटो घेऊन नागपूरभर हिंडत होता आणि भलत्यालाच त्यांच्या नावानं हाका मारत होता. असला काळाकुट्ट सिनेमा बायकोनं सतरा वेळा पाहिला. का, तर म्हणे त्यात कोराडीच्या बसथांब्यावर आपला अमोल दिसतो. चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला अमोल.

"भ्रम हाये तुले," महादेवराव रोज म्हणायचे. शेजारपाजारीही तेच सांगून ठेवलं होतं. उद्या धंतोलीत वेड्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावला होता. तिनं एकच अट घातली, "एक डाव माह्यासंगं येऊन पाहा. मंग म्हणाल तिथं येईन."

ते आले खरे, पण नाइलाजानं. चोराच्या मनात चांदणं! पोरगा न सांगता पळाला, ही गोष्ट त्यांनीच रचलेली. जातीबाहेरच्या पोरीशी लग्न करतो म्हणाला, तेव्हा भागीरथा माहेरी होती. त्यांनीच त्याची पिशवी भरली, त्यांनीच त्याला त्याच थांब्यावर बसमध्ये बसवलं. "तुह्या मायनंच सांगतलं, तोंड दाखवू नको म्हणून," असंही वर ठोकून दिलं. आईवेडं पोर ते. त्यानं पुन्हा फोनसुद्धा केला नाही. पुढं बायकोबरोबर पोलिसांत तक्रार द्यायलाही हेच गेले. माणसानं इतकं निगरगट्ट असावं?

पडद्यावर बसथांबा आला. निळ्या शर्टातला पोरगा पायरी चढला. अमोलच. त्याच दिवसाचा, शूटिंगवाल्यांच्या कॅमेऱ्यात सापडलेला. महादेवरावांचे डोळे भरून आले. तेवढ्यात गर्दीतून एका हातानं त्याला पिशवी वर दिली. अर्ध्या करंगळीचा हात. चेहरा आला नाही, आणि दृश्य बदललं.

सुटलो, त्यांना वाटलं. पोर सोडून आईला दुसरं काय दिसणार?

अंधारात भागीरथाबाईनं त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला. करंगळीच्या थोटकावरून अंगठा फिरवला.

"पोराले पहिल्याच डावात पाहिलं जी. बाकी सोळा डाव हा हात पाहाले आली. आता सांगा, गाडीत बसवतानी काय सांगतलं त्याले?"